कल्थमचा नकार

ईदची नमाज आटोपून माणसं मशिदीतून परतू लागली, तशी कल्थमने दिवाणखान्याच्या गालिच्यावर मांडलेल्या थाळ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. तुपाचं तळं केलेलं गहू-मटणाचं हरीस होतं, गोड शेवयांवर पिवळंधमक ऑम्लेट पसरलं होतं, खजुराच्या पाकात बुडवलेली लुकैमातची तळलेली बोंडं होती, कलिंगडाच्या फोडी होत्या, आणि कडेला केशर-वेलदोडा घातलेल्या कहव्याची सुरई वाफाळत होती… काही राहिलं नव्हतं. तरीही तिने थाळा उगाचच वीतभर दाराच्या दिशेने सरकवला.

"बाई, किती माणसं येणारेत?" सुमनाने स्वयंपाकघरातूनच विचारलं. सोळा वर्षांपूर्वी ती श्रीलंकेहून या घरी कामाला आली होती, आणि आता घर तिचं की कल्थमचं हे दुबईत कुणाला सांगता आलं नसतं.

"एक."

"मागच्या ईदलाही एकच येणार होता. त्याच्या वाटचं हरीस मी चार दिवस खात होते!"

कल्थम हसली नाही. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला होता. तिचा हात नकळत डोक्यावरच्या शेल्याकडे गेला. गाडीचं दार उघडलं, ओळखीचा तो भारदस्त आवाज कुणाला तरी 'ईद मुबारक' म्हणाला, हसला… आणि मग शेजारचं फाटक वाजलं. शेजारचं! एका भिंतीपलीकडचं!

धाकटा भाऊ खलफान याही वर्षी आपल्याच घरी गेला होता.

सहा वर्षांनी लहान असलेला हा भाऊ मिसरूड फुटल्यापासून प्रत्येक ईदला नमाजेनंतर पहिला यायचा तो ताईच्या उंबऱ्यात. तिच्या कपाळाचं चुंबन घ्यायचा, हरीसमध्ये बोटं बुडवायचा आणि म्हणायचा, "मीठ कमी आहे." मीठ कधीच कमी नसायचं. गेली तीन वर्षं मात्र ते शब्द ऐकायला कल्थमचे कान आसुसले होते.

कल्थमची मुलगी मैथा आतून आली. नवा निळा झगा, हातांवर कोपरापर्यंत मेंदी. आणखी पाच आठवड्यांनी तिचं लग्न होतं.

"उम्मी, हॉलवाल्या जिहानबाईंचा पुन्हा निरोप आलाय. नवरामुलगा बायकांच्या बाजूला येईल तेव्हा आपल्याकडून कोणकोण पुरुष आत येणार, त्यांची नावं हवीत त्यांना." ती थांबली. "काय सांगू? बाबा नाहीत. भाऊ देवाने दिला नाही. एक मामा होता…"

"होता काय म्हणतेस? आहे तो!"

"आहे ना, भिंतीपलीकडे! आणि त्याला तिथे कुणी बसवलंय?" मैथाचा आवाज चढला नाही, पण त्यातली धार कल्थमला बरोबर लागली. "मला राशिदशी लग्न करायचंच होतं असं नव्हतं गं. पण लहानपणापासून आम्ही एका ताटात जेवलो. आता तो मला रस्त्यात पाहून दुसऱ्या बाजूने जातो. तू नाही म्हणालीस, ठीक… पण का ते तरी सांग! मामाला नाही सांगितलंस. निदान मला?"

कल्थमने खाली वाकून सुरईचं झाकण नीट केलं. ते नीटच होतं.

"शेवया गार होतील," ती म्हणाली. "खाऊन घे."

मैथा आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कल्थमचे डोळे मात्र त्या बंद दारावर खिळले… आणि मन तीन वर्षं मागे गेलं.

त्या दिवशी खलफान आणि त्याची बायको नूरा असेच सणाचे कपडे करून आले होते. कल्थमने कहवा ओतला. खलफानने पेला हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कहवा पीत नाही, हे त्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. "ताई, तुझी मैथा मला दे. माझ्या राशिदसाठी. दोन्ही घरांतली भिंतच पाडून टाकू!" तो लहान मुलासारखा हसत होता. कल्थमने नूराकडे पाहिलं. नूराचा चेहरा राखेसारखा झाला होता, शेल्याचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती… बोल गं नूरा, एक शब्द बोल! पण नूराने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मग कल्थमच म्हणाली, "नाही."

"नाही? का?"

"नाही म्हणजे नाही."

"माझ्या मुलात खोट काय आहे, ताई? तो बोलताना अडखळतो म्हणून?"

तिथे जर ती 'नाही रे' म्हणाली असती, तर पुढचा प्रश्न आला असता. आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते द्यायचा अधिकार तिला नव्हता. "तुला हवं ते समज," एवढंच ती म्हणाली होती. खलफान उठला. कहव्याचा भरलेला पेला गालिच्यावर तसाच राहिला, आणि भाऊ गेला.

कसं सांगणार होती ती? चोवीस वर्षांपूर्वी कुराणावर हात ठेवून तिने शपथ घेतली होती!

नूरा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बहारीनहून लग्न होऊन आलेली, या शहरात तिचं स्वतःचं म्हणावं असं एकही माणूस नव्हतं. खलफान बंदराच्या नोकरीचं प्रशिक्षण घ्यायला नऊ महिने परदेशी गेलेला. राशिद जन्मला आणि नूराला काय झालं ते देवच जाणे… ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. बाळ रडलं की कानांवर उशी दाबायची. त्याला हात लावायला भ्यायची. बाटली धरली तर पोर जीभ बाहेर काढून दूध ओकून टाकायचं. आठव्या दिवशी कल्थम गेली तेव्हा ते कोवळं बाळ रडायचंही थांबलं होतं, नुसतंच ओठ हलवत होतं. कल्थमच्या घरी दोन महिन्यांची मैथा होती, अंगावर दूध होतं. तिने काही विचार केला नाही. पोराला उचललं आणि छातीशी लावलं…

असं चार महिने चाललं. दिवसातून पाच-सहा वेळा ती त्या घरी जायची. कल्थमचा नवरा समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला, महिन्यातून आठवडाभर घरी. त्याने कधी काही विचारलं नाही. शुक्रवारी मात्र नूराची सासू यायची. कल्थमची आणि खलफानची आई, जिच्या जिभेला अख्खी आळी टरकून असे. त्या सकाळी कल्थम नूराला न्हाऊ घालायची, काजळ लावायची, झोपलेलं बाळ तिच्या मांडीवर ठेवायची आणि हळूच कानात सांगायची, "फक्त तासभर. नुसती बसून राहा." नूरा बाहुलीसारखी बसून राहायची. म्हातारी गेली की कल्थमच्या कुशीत शिरून हंबरडा फोडायची. "वन्सं, कुणाला सांगू नका! बाईला जिन लागलाय म्हणतील. मला माहेरी धाडतील, माझं पोर काढून घेतील… घ्या शपथ!"

आणि कल्थमने शपथ घेतली. पुढे नूरा सावरली. एके दिवशी आपणहून तिने राशिदला उचललं, आणि नंतर त्याला जमिनीवर म्हणून ठेवलं नाही. सगळं विसरल्यासारखं झालं. पण पोटभर दूध पाजलेलं मूल पोटच्या मुलासारखंच असतं, आणि एका छातीचं दूध प्यालेल्या भावा-बहिणीचं लग्न हराम असतं, हे का कुणी विसरतं? कल्थम नाही म्हणेल हे नूराला ठाऊक होतं. दोष कल्थमवर जाईल हेही तिला ठाऊक होतं. सासू मरून दहा वर्षं झाली होती, तरी तिने तोंड उघडलं नाही… आणि खरं सांगायचं तर या तीन वर्षांत कित्येक दुपारी कल्थम त्या मधल्या भिंतीसमोर उभी राहून, दात ओठ खात, मनातल्या मनात तिला जे बोलायचं ते सगळं बोलली होती.

"आ-आत्या…"

कल्थम दचकली. दारात राशिद उभा होता. पांढराशुभ्र पायघोळ अंगरखा, अत्तराचा वास, आणि वडिलांसारखेच रुंद खांदे. तीन वर्षांत पोर केवढं थोराड झालं होतं!

"ये रे माझ्या राजा, ये! सुमना, ताट आण!"

"जे-जेवायला नाही आलो." तो उभाच राहिला. "आत्ता घरी ताटावर बाबांनी पुन्हा एक स्थ-स्थळ काढलं. मी उठून आलो. हे पाचवं. मी सगळ्यांना नाही म्हणतो. आत्या, मला एकच वि-विचारायचंय. तुझ्याएवढा जीव मला कुणी लावला नाही. तू नाकारलंस. मग पर-परक्या घरची मुलगी मला काय म्हणून हो म्हणेल? मी असा बोलतो म्हणूनच ना? खरं सांग. मला रा-राग नाही येणार."

हेच ते ओठ… तेव्हा दुधासाठी हलणारे, आता बोलायला धडपडणारे! कल्थम पुढे झाली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुझ्यात खोट काढणाऱ्याच्या डोळ्यांत वाळू पडो! तुझ्यासारखा मुलगा या शहरात दुसरा नाही."

"म-मग का?"

तिने हात मागे घेतले आणि शेवयांचा थाळा त्याच्याकडे सरकवला. राशिदने मान हलवली. त्याला हवं ते उत्तर, म्हणजे नको असलेलं उत्तर, मिळालं होतं. तो वळला, आणि वळला तसा जागीच थबकला.

उंबऱ्यात नूरा उभी होती. मुलाला परत बोलवायला म्हणून ती त्याच्या मागोमाग आली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"वन्सं, पुरे आता…"

"नूरा, तू घरी जा बघू," कल्थम घाईघाईने म्हणाली. "सणाचा दिवस आहे. उद्या बोलू."

"चोवीस वर्षं तुम्ही मला अशाच सांभाळून घरी पाठवताय!" नूरा चौकटीला धरून उभी होती. "मला वाटलं, मी गप्प बसले तर फक्त वन्संना सोसावं लागेल, आणि त्यांना सोसायची सवयच आहे. एवढी मी नीच आहे. पण माझं पोर स्वतःला अपुरं समजून घरात एकटं म्हातारं होणार असेल, तर आग लागो माझ्या अब्रूला! राशिद, तुझ्यात काही कमी नाही. कमी माझ्यात होतं. तू जन्मलास आणि मी तुला चार महिने जवळ घेतलं नाही. तुझ्या रडण्याची मला भीती वाटायची. तुझी आई होते मी, आणि तुला शिवायला भ्यायचे! तू मरणाला टेकला होतास. या तुझ्या आत्याने तुला पाजलं. चार महिने, रोज. मैथाच्या वाटचं दूध!"

आतल्या दारात मैथा कधी येऊन उभी राहिली होती ते कुणालाच कळलं नव्हतं. तिने तोंडावर हात दाबून धरला होता.

"म्हणजे मै-मैथा…"

"तुझी बहीण आहे," कल्थम हळूच म्हणाली. शपथ तिने मोडली नव्हती. तरी ते तीन शब्द उच्चारताना तिच्या छातीवरचा दगड कुणीतरी उचलावा तसं झालं.

राशिद नूराजवळ गेला. तिने डोळे मिटून घेतले, जणू आता थप्पडच बसणार होती.

"तू आ-आजारी होतीस?" त्याने विचारलं.

नूराने डोळे उघडले. "आजारी?"

"मग दु-दुसरं काय? माझ्या मित्राच्या बायकोलाही झालं होतं. डॉ-डॉक्टरकडे नेलं तिला. तुला कुणी नेलं नाही?"

आजारी… एवढा साधा शब्द! चोवीस वर्षांत तो कुणी तिच्यासाठी वापरला नव्हता, तिने स्वतःही नाही. नूरा उंबऱ्यातच मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडू लागली. आणि राशिद सणाच्या कपड्यांची पर्वा न करता तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

थोड्या वेळाने तिनेच डोळे पुसले. "यांना आता मीच सांगणार," ती म्हणाली.

"अगं, तुझी मुलगी लतीफा लग्नाची आहे. लोक काय…" कल्थमने तिचा दंड धरला.

"लतीफाला उद्या असं काही झालं, तर तिने काय करायचं, वन्सं? भिंतीकडे तोंड करून पडायचं?"

ती गेली. कल्थम थाळ्यापाशी बसून राहिली. भिंतीपलीकडून काहीही ऐकू येत नव्हतं, आणि त्या शांततेचंच तिला भय वाटत होतं. सुमनाने दोनदा कहवा गरम केला. मैथा आणि राशिद आतल्या पायरीवर शेजारी शेजारी बसले होते आणि काय बोलावं ते न सुचून एकाच ताटातली लुकैमात खात होते.

दुपारच्या नमाजेची बांग झाली तेव्हा खलफान आला. एकटाच. डोळे लाल झालेले. तो सरळ आत आला, बहिणीसमोर गुडघे टेकून बसला आणि तिच्या कपाळाला ओठ लावून कितीतरी वेळ तसाच राहिला.

"ताई, मला सांगायचं तरी होतंस…"

"शपथ होती रे."

"मग दोन मुस्काटात ठेवून गप्प बसवायचंस! लहानपणी काय कमी मारलंस?"

"तेव्हा तू माझ्या कमरेइतका होतास," कल्थम रडता रडता हसली. मग घाबरून म्हणाली, "नूराला काय बोललास?"

"काय बोलणार? तिकडे असताना मी पत्रातून लिहायचो, बाळाचा फोटो पाठव. एकच आला. बाळ, आणि त्याच्या खाली धरलेला एक हात. तो फोटो अजून माझ्या पाकिटात आहे." त्याने कल्थमचा हात हातात घेतला. "नीलमण्याची अंगठी होती त्या हातात. तुझी अंगठी! चोवीस वर्षं बघतोय मी तो हात… आणि ओळखला नाही. बायको मरणाच्या दारात होती आणि मी तिला लिहीत होतो की इकडे थंडी फार आहे. मी कुणावर रागावू, ताई?"

कल्थमने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दारात नूरा येऊन उभी राहिली होती; आत यावं की नाही ते तिला कळत नव्हतं.

"वन्सं, मला माफ…"

"नूरा, मी खोटं नाही बोलणार," कल्थम शांतपणे म्हणाली. "तीन वर्षांचा राग आहे माझा तुझ्यावर. तो काही आज दुपारी जायचा नाही. पण ये, बस. जेव. राग राहील आपल्या जागी."

खलफानने हरीसमध्ये बोटं बुडवली. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागले. पण त्या दिवशी तो मिठाबद्दल काहीच बोलला नाही.

पाच आठवडे धामधुमीत गेले. सुदानी बायका मेंदी काढून गेल्या, बलोच शिंपीणबाईंनी झग्याच्या बाह्या तिसऱ्यांदा उसवल्या, कोपऱ्यावरच्या किराणावाल्या मलबारी कोयाने केळ्याच्या वेफर्सचा डबा पाठवला आणि वर निरोप, "पोरगी आमच्याच दुकानात चालायला शिकली." जिहानबाईंचा फोन आला तेव्हा कल्थमने आत येणाऱ्यांत एकच नाव सांगितलं, खलफानचं. "आणि राशिद?" मैथाने विचारलं. कल्थमने मान हलवली. मामेभाऊ बायकांच्या हॉलमध्ये आला तर लोक विचारणार कुठल्या नात्याने, आणि मग नूराचं सगळं उघड्यावर येणार! घरातल्यांना कळलं, तेवढं पुरे. राशिदनेही ते समजून घेतलं. फक्त त्या संध्याकाळी तो नवे कपडे करून बाहेर गाड्यांपाशी उभा राहिला.

हॉल तीनशे बायकांनी भरून गेला होता. उदाचा धूर, ढोलक्यांचा ताल, पोरींचे मोकळे सोडलेले केस… आणि फुलांच्या मंचावर एखाद्या शुभ्र कळीसारखी बसलेली मैथा. कल्थम पहिल्या रांगेत, वधूमातेच्या जागी बसली होती. पुरुष येत असल्याची घोषणा झाली, तशी बायकांची एकच धांदल उडाली. काळे बुरखे अंगावर आले, शेले डोक्यावर गेले. दार उघडलं. नवरामुलगा आला, त्याचे वडील आले, खलफान आला…

आणि त्यांच्या मागून, राशिदचा हात घट्ट धरून, नूरा आली.

कल्थम ताडकन उभी राहिली. राशिदची नजर जमिनीवर होती. त्यालाही हे आत्ताच कळलं असावं. आळीतली सगळ्यात म्हातारी उम्म जुमा दुसऱ्या रांगेत होती, आणि तिला हळू बोलता येत नसे.

"मामा आला ते ठीक! पण हा घोडा कुठल्या नात्याने आत आला गं? मामेभावाशी लग्न चालतं म्हणजे तो परकाच की!"

ढोलक्या थांबल्या होत्या. कल्थम काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडणार, तोच नूरा बोलली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"परका नाही. मैथाचा दूधभाऊ आहे. हा जन्मला तेव्हा मी आजारी पडले होते. मनाने आजारी. मला माझं मूल जवळ घेववत नव्हतं. माझ्या वन्संनी याला स्वतःचं दूध पाजून जगवलं, आणि माझी अब्रू राखायला सगळ्यांचे बोल सोसले. आज त्यांच्या मुलीचा भाऊ दाराबाहेर उभा राहणार नाही."

मंचावर मैथाने हातातली फुलं बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. राशिद गेला, तिच्या कपाळाला ओठ लावले, काहीतरी बोलायला गेला, पहिल्याच अक्षरावर अडकला, आणि बहिणीने घाई केली नाही. पुरं वाक्य येईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत थांबली.

नूरा मात्र रांगांच्या मधोमध एकटीच उभी होती, सगळं सांगून झालेल्या माणसासारखी रिकामी. कल्थम तिच्याजवळ गेली, तिचा हात धरला आणि तिला आणून वधूमातेच्या जागेवर बसवलं. स्वतः शेजारी बसली. त्या क्षणी मनात शोधूनही तिला तो तीन वर्षांचा राग सापडला नाही.

मागून कुणीतरी नूराच्या खांद्यावर सुरकुतलेला हात ठेवला. उम्म जुमा वाकली होती. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती हळू बोलत होती.

"माझ्या थोरल्याच्या वेळी मलाही असंच झालं होतं गं, पोरी… पन्नास वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही."

नूराने मागे न पाहताच तो हात आपल्या हाताखाली घेतला. ढोलक्या पुन्हा सुरू झाल्या.